एकट्या ज्येष्ठाला भाड्याचं घर: पैसे तयार असतात, कागद तयार नसतात

"काका एकटेच राहणार का?" ब्रोकरने हे विचारलं की पुढचं वाक्य ठरलेलं: "मालक फॅमिलीच बघतायत." पेन्शन वेळेवर येते, पार्ट्या नाहीत, भिंतीत खिळा ठोकायचा तरी आधी विचारणारा माणूस, आणि तरीही घर मिळत नाही. मालकाला भाड्याची काळजी नसतेच मुळी. त्याच्या डोक्यात वेगळंच चालू असतं. रात्री-अपरात्री काही झालं तर धावायचं कुणी? माणूस गेला तर सामान कोण उचलणार, डिपॉझिट कुणाच्या हातात द्यायचं? आणि वारस येऊन घरात ठाण मांडून बसले तर?

ही शेवटची भीती पागडीच्या चाळींतून आलेली आहे. तिथे भाडेकरू गेला की सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेहक्क जाऊ शकतो. आज नेहमी होणाऱ्या लीव्ह अँड लायसन्स कराराचं तसं नाही. लायसन्स म्हणजे त्या एका माणसाला दिलेली राहण्याची परवानगी. ती वारसाहक्काने पुढे जात नाही. मुदत संपूनही कुणी घर सोडलं नाही, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम २४ खाली मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन ताबा मागू शकतो, आणि तोवर दुप्पट दराने भरपाईही. बऱ्याच मालकांना हे माहीत नसतं आणि ब्रोकर सांगत बसत नाही. म्हणून पहिल्याच भेटीत तुम्ही सांगा.

नुसतं सांगून भागत नाही, करारात लिहून द्या. साध्या मराठीत एवढं पुरतं: "भाडेकरूच्या निधनानंतर ही परवानगी आपोआप संपेल. अमुक व्यक्ती (नाव, नातं, पत्ता, फोन) ३० दिवसांत सामान हलवून ताबा देईल. देणी वजा जाता उरलेलं डिपॉझिट त्याच व्यक्तीच्या खात्यात जमा करावं." ही व्यक्ती मुलगाच असली पाहिजे असं नाही. भाचा चालेल, जुनी सहकारी चालेल, शाळेतला मित्र चालेल. फक्त तिला करारावर साक्षीदार म्हणून सही करायला लावा, म्हणजे मालकाला ती प्रत्यक्ष भेटते. एक अडचण मात्र आहे. करारात नाव आलं म्हणून पैसा त्या माणसाच्या मालकीचा होत नाही, कायदेशीर वारस नंतर मागू शकतात. त्याच माणसाला द्यायचा असेल तर मृत्युपत्रातही तसा उल्लेख हवा.

सोबत एक पानी कागद द्या: रक्तगट, चालू औषधं, नेहमीचा डॉक्टर, आरोग्य विम्याचा पॉलिसी क्रमांक, आधी कुणाला फोन करायचा आणि ती व्यक्ती नसेल तर दुसरं कोण. हा कागद बघितल्यावर मालकाचा चेहरा बदलतो. दोन महिन्यांचं जादा डिपॉझिट देऊनही जे होत नाही ते यातून होतं, असं माझं ठाम मत आहे.

आता ११ महिन्यांबद्दल. "करार ११ महिन्यांचाच असतो" हे आपल्याकडे वेदवाक्यासारखं सांगतात. वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागत नाही, या जुन्या नियमातून ती सवय पडली. महाराष्ट्रात तिला काही अर्थ उरलेला नाही, कारण त्याच भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्सचा करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृतच लागतो. ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं आधी खरं धरलं जातं. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरीचा शिक्का मारून "झालं रजिस्टर" म्हणणारे एजंट अजून भेटतात. ती नोंदणी नव्हे.

हा करार ६० महिन्यांपर्यंत करता येतो. पासष्टीच्या पुढच्या माणसाने ३६ महिन्यांचाच मागावा. हिशेब बघा. भाडं १२,००० आणि डिपॉझिट ३६,००० धरू. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, तेही एकूण भाडं अधिक डिपॉझिटच्या वर्षाला १० टक्के या रकमेवर. ११ महिन्यांना ते साधारण ३४०-४०० रुपये, ३६ महिन्यांना ११००-१२०० (भाडेवाढ धरली तर थोडं वर). शहरी भागात नोंदणी फी १,००० आणि ऑनलाइन केल्यास दस्त हाताळणीचे ३००, दर वेळी. म्हणजे तीन वर्षांचा एकच करार साधारण अडीच हजारांत होतो. दर ११ महिन्यांनी केला तर दुप्पट जातात, वर एजंट प्रत्येक नूतनीकरणाला हात पुढे करतो. पैशांपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे दर दिवाळीच्या आसपास "मालक काय म्हणतात" ही धाकधूक जाते.

मालक तीन वर्षं ऐकून बिचकला तर लॉक-इनवर बोला. पहिले १२ महिने दोघांनाही बंधन, त्यानंतर मालकाने घर सोडायला सांगताना तीन महिन्यांची नोटीस, भाडेकरूने एक महिन्याची. आणि एक अपवाद लिहून घ्याच: हॉस्पिटल, वृद्धाश्रम किंवा नातेवाइकाकडे कायमचं जावं लागलं तर लॉक-इन लागू नाही. हे वाक्य विसरलं की आजारपणात रिकाम्या घराचं भाडं भरावं लागतं.

ऑनलाइन नोंदणीत ज्येष्ठांची गाडी अडते ती अंगठ्यावर. आधारचा बायोमेट्रिक लागतो, आणि वयाने किंवा वर्षानुवर्षं भांडी-धुणी, शिवणकाम, कारखान्यातलं काम करून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. एजंट घरी येतो, दहाही बोटं लावून होतात, मशीन नाहीच म्हणतं. करार करायच्या बरेच दिवस आधी आधार केंद्रात जाऊन बोटांचे ठसे अद्ययावत करून घ्या. आयत्या वेळी हात कोमट पाण्याने धुऊन, कोरडे करून, दुसरी बोटं लावून बघा. तरीही जमलं नाही तर दुय्यम निबंधक कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन दस्त नोंदवायचा मार्ग आहेच.

सोसायटी "एकट्या माणसाला एनओसी देत नाही" म्हणाली तर? आदर्श उपविधींनुसार (सोसायट्यांसाठीचे सरकारी नमुना नियम) सभासदाला फ्लॅट लीव्ह अँड लायसन्सवर देण्यासाठी सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत आगाऊ कळवायची असते. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते बिनभोगवटा शुल्कही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर घेता येत नाही. अर्थात मालकच सेक्रेटरीशी भांडायला तयार नसेल तर कायदा हातात घेऊन उपयोग नाही, तिथे सरळ दुसरं घर बघावं.

आता हेवी डिपॉझिट. मुंबई-ठाण्यात निवृत्त माणसाला हमखास गळाला लावणारा हा प्रकार. "आठ लाख द्या, भाडं शून्य, जाताना सगळे परत." ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्क्यांनी आठ लाखांचे वर्षाला ६५,६०० होतात, महिन्याला साडेपाच हजारांच्या आत. म्हणजे १४,००० भाड्याचं घर तुम्हाला साडेपाच हजारांत पडलं! फायदाच की. पण मालक हा तोटा का सोसतोय, हा प्रश्न तिथेच विचारा. बहुतेकदा त्याला बँक कर्ज देत नसते, म्हणून तो तुमच्याकडून घेत असतो, तेही तारणाशिवाय. घरावर आधीचं कर्ज असेल आणि हप्ते थकले असतील तर बँक सरफेसी कायद्याने (थकलेल्या कर्जापोटी तारण ताब्यात घ्यायचा कायदा) ताबा घ्यायला येते. त्या वेळी तुमचा करार बँकेला अडवू शकत नाही आणि आठ लाख म्हणजे मालकाने देणं लागणारी उधारी उरते. करायचंच असेल तर आधी नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा उतारा) काढा, सरसाईवर (तारण ठेवलेल्या मालमत्तांची केंद्रीय नोंदवही) घराच्या तारणाचा शोध घ्या आणि सेक्रेटरीला विचारा की बँकेच्या बोज्याचं पत्र फाइलला आहे का, मेंटेनन्स किती थकलाय. माझ्या मते हयातभराच्या पुंजीच्या बाबतीत एवढी तपासणीही अपुरी आहे. तीन महिन्यांच्या भाड्याइतकं डिपॉझिट, त्यापुढे नाही.

स्वस्त घर स्वस्त का आहे, हे शोधल्याशिवाय टोकन देऊ नका. बिनलिफ्टचा चौथा मजला, हे कारण दिसतं तरी. न दिसणारं कारण म्हणजे पुनर्विकास. "७९ अ ची सभा (पुनर्विकासासाठी बिल्डर निवडायची सभा) झाली का, बिल्डर ठरला का?" एवढंच विचारा. ठरला असेल तर वर्षभरात बिऱ्हाड हलवावं लागेल, आणि बिल्डर देतो ते पर्यायी घराचं भाडं सभासदाला मिळतं, तुम्हाला दमडी नाही.

भाडेवाढीचा विचार पेन्शनच्या जातीप्रमाणे करायचा. सरकारी पेन्शनला महागाई भत्ता वाढतो. ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफ खात्याकडून मिळणारी पेन्शन आहे तिथेच राहते. १२,००० भाडं दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढलं तर पाच वर्षांनी १५,३०० च्या वर जातं, दहा वर्षांनी साडेएकोणीस हजार. ईपीएसवाल्याने आजचं परवडणारं भाडं बघून घर घेऊ नये, दहा वर्षांनंतरचं बघावं. मग बऱ्याचदा उत्तर शहराबाहेर जातं. बदलापूर, तळेगाव ही नावं लगेच सुचतात, पण तपासणीसाठी दर महिन्याला दादर किंवा पुणे स्टेशन गाठायचं असेल तर ते स्वस्त राहत नाही. मिरज मला जास्त पटतं: हॉस्पिटलांचं गाव, रेल्वे जंक्शन, आणि सपाट. शिवाय एसटीत ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट, ७५ च्या पुढे मोफत.

घर बघायला जाल तेव्हा हॉलपेक्षा बाथरूममध्ये जास्त वेळ घालवा. फरशी ओली करून अनवाणी उभं राहून बघा. दार आत उघडत असेल तर धोका, कारण आत पडलेल्या माणसाच्या अंगालाच दार अडतं आणि बाहेरून उघडता येत नाही. दार बाहेर उघडणारं करून घ्या, नाहीतर कडी बाहेरून उघडेल अशी तरी बसवा. कमोडजवळ आधाराची दांडी बसवायला भोक पाडायची परवानगी करारातच लिहा, नाहीतर जाताना "टाइल फोडली" म्हणून डिपॉझिट कापतात. मोबाइलची रेंज तिथेही येते का बघा. तळमजला सोयीचा वाटतो, पण ओल, डास आणि पावसात साचणारं पाणी तिथेच येतं. लिफ्ट असेल तर पहिला-दुसरा मजला सगळ्यात बरा, म्हणजे लिफ्ट बंद पडली तरी चढता येतं.

दोघी मैत्रिणींनी मिळून घर घेणं हा स्वस्तातला चांगला मार्ग आहे, पण करारावर दोघींची नावं हवीत, कुणाचं डिपॉझिट किती तेही. एकीच्याच नावावर करार असला आणि तीच आधी गेली, तर दुसरीला त्या घरात राहायचा काहीही हक्क उरत नाही.

म्हाडाची लॉटरी जरूर भरा, मात्र घर लागल्यावर पैसे कुठून आणणार ते आधी ठरवा. बहुतेक बँका गृहकर्ज सत्तर-पंचाहत्तरीच्या आत फेडून घेतात, म्हणजे पासष्टीला हप्ता भाड्याच्या दुप्पट-तिप्पट निघतो. वृद्धाश्रमात चौकशी करताना एकच प्रश्न नेटाने विचारा: अंथरुणाला खिळल्यावर ठेवून घेता का? अनेक ठिकाणी "स्वतःचं स्वतः करणारे" एवढ्यांनाच प्रवेश असतो, आणि ती अट बारीक अक्षरात असते.

घर हातात आलं की ताबा घेतानाच प्रत्येक खोलीचे, नळांचे, मीटरच्या रीडिंगचे फोटो काढून मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा. नोंदणीकृत करारावर आधारचा पत्ता बदलून घ्या. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यालाही अंगठा लागला नाही तर जीवन प्रमाणमध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आहे. दुसरी किल्ली समोरच्या दारात द्या, आणि रात्री आतून कडी-कोयंडा लावू नका. बाहेरून किल्लीने उघडणारं लॅच पुरतं. वरची कडी लावलेली असली की शेजाऱ्याकडची किल्ली असून नसल्यासारखी.