बाजार खुला आहे, पण कोणासाठी?

आमच्या यवतमाळकडे एक मेसेज फिरतोय: '1991 नंतर बाजार खुला झाला, जगाचा भाव गावात आला. बाजार कोणाचं तोंड पाहत नाही. तरी कापूसवाला गरीब, तो आळसामुळे, लग्नातल्या थाटामुळे आणि कर्जमाफीच्या सवयीमुळे.'

बाजार खुला झाला? एप्रिल 2010 मध्ये केंद्राने कापसाची निर्यात रोखली, मार्च 2012 मध्ये पुन्हा बंदी घातली. 2022 मध्ये भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला, तर 11 टक्के आयात शुल्क माफ झालं. 2025 मध्ये तशी तेजीही नव्हती. तरी ऑगस्टमध्ये शुल्क उठलं आणि सप्टेंबरअखेरची मुदत डिसेंबरअखेरपर्यंत वाढली. म्हणजे सीतादही (वेचणी सुरू करतानाची शेतातली पूजा) करून वेचणी लागते, तोच हंगाम. कारण होतं अमेरिकेने आपल्या मालावर लावलेला 50 टक्के कर. कापड कारखान्यांतल्या मजुरांची रोजी धोक्यात होती, हे मीही मानतो. पण त्यांना सावरायचा खर्च सरकारी तिजोरीतून न जाता कोरडवाहू शेतकऱ्याच्या भावातून का जावा?

'बाजार तोंड पाहत नाही' म्हणे. अमेरिका आपल्या कापूसवाल्यांना अनुदान देते. ब्राझीलने त्यावर जागतिक व्यापार संघटनेत खटला जिंकला आणि 2014 मध्ये अमेरिकेने 30 कोटी डॉलर देऊन तो मिटवला. बेनिन, बुर्किना फासो, चाड, माली हे आफ्रिकेतले देश 2003 पासून त्याच तक्रारीसाठी दार ठोठावताहेत. ब्राझीलइतका जोर त्यांच्याकडे नाही.

यावर कोणी म्हणेल, हमीभाव आहे ना! आहे, 2025-26 साठी लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलला 8110 रुपये होता. पण हमीभावाने घेणाऱ्या सीसीआयला (सरकारी कापूस महामंडळाला) ओलावा 12 टक्क्यांच्या आत लागतो, वर ॲपवर नोंदणी. परतीच्या पावसात भिजलेला कापूस वाळेपर्यंत घरात ठेवायचा, तर वेचणाऱ्या बायांचे पैसे आणि कृषी केंद्राची उधारी थांबत नाही. मग दिवाळीआधी खेडा खरेदीवाला, म्हणजे गावात येऊन माल घेणारा व्यापारी, सांगेल तो भाव.

लग्नातला थाट पाहायचा तर शहरातले हॉल पाहा, त्यावर आणखी शब्द घालवत नाही. राहिली कर्जमाफी. 2008 च्या केंद्राच्या कर्जमाफीत पूर्ण माफी 2 हेक्टरपर्यंतच होती. इथे कोरडवाहू सात-आठ एकरवाला कागदावर मोठा शेतकरी ठरला. त्याला 25 टक्के किंवा 20 हजार रुपये, यातली जास्त असेल ती सूट होती, तीही उरलेली रक्कम आधी भरली तर.