गुडघ्यात कूर्चा उगवण्याची सोपी कृती

परवा पुन्हा ती बातमी फिरली. ‘झिजलेली कूर्चा पुन्हा उगवणार, गुडघेदुखीला कायमचा रामराम!’ कूर्चा म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असणारं गुळगुळीत आवरण. बातमीच्या चौथ्या परिच्छेदात उंदीर निघाला. मग तुम्हीच मागे का राहायचं? क्रांतिकारी शोध लावायला फारसं काही लागत नाही.

आधी उंदीर निवडा. नर, तरुण, साधारण १० आठवड्यांचा. त्याच्या गुडघ्यातल्या मेनिस्कस या गादीला धरून ठेवणारा बंध कापा, की ८ आठवड्यांत ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे सांध्याच्या झिजेचा आजार, हजर. माणसाला तो व्हायला वय, वजन, जुनी दुखापत, आनुवंशिकता असं बरंच काही लागतं, ते गाळा. औषध बंध कापला त्याच दिवशी सुरू करा. त्या टप्प्यावर एकही रुग्ण दवाखान्यात येत नाही, पण उंदराला कुठे माहीत आहे!

आजाराचं कारण विचारलं तर ‘वंगण संपलं’ म्हणा. कूर्चेखालचं हाड, सायनोव्हियम हे सांध्याचं सुजलेलं अस्तर, कूर्चेतलं कोलॅजन तोडणारं एमएमपी-१३ हे विकर वगैरे बोलू नका. अख्खा सांधाच आजारी आहे हे कळलं तर एका इंजेक्शनचं कौतुक कोण करणार?

दुखणं मोजू नका, एमआरआय मोजा. कूर्चा वाढवण्यासाठी टोचायच्या स्प्रिफर्मिन या औषधाच्या चाचणीत सर्वांत मोठ्या डोसने दोन वर्षांत कूर्चा प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नकली डोसपेक्षा, सुमारे ०.०५ मिमी जाड निघाली. दुखण्यात मात्र ठोस फरक नाही. तुम्ही ‘जाड निघाली’पर्यंतच छापा.

निकाल लागला नाही तर उपगट पाडत राहा, एखादा लागतोच.

आता मुख्य कृती: तुलनेचा गट ठेवू नका. चुकूनसुद्धा नको. ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉयटिन या सांध्यांसाठीच्या गोळ्यांची १५८३ रुग्णांवरची चाचणी २००६मध्ये छापून आली. त्यात नुसत्या प्लासिबोनेही ६० टक्के लोकांचं दुखणं निदान पाचव्या हिश्शाने उतरलं. उतरणारच! हे दुखणं महिन्यागणिक वर-खाली होतं आणि माणूस डॉक्टरकडे येतो तो अगदी असह्य झाल्यावर. त्यानंतर काहीही टोचा, उतार ठरलेला. त्यात सुई, यंत्र आणि पांढरा कोट यांचा परिणाम वेगळाच. २००२मध्ये १८० रुग्णांपैकी काहींची खरी दुर्बीण-शस्त्रक्रिया झाली, काहींच्या गुडघ्यावर नुसत्या चिरा पाडून टाके घातले. दोन वर्षांनंतरही फरक नाही. २०२१मध्ये २८८ जणांना पीआरपी (स्वतःच्याच रक्तातला प्लेटलेटयुक्त द्रव) किंवा मीठपाणी टोचलं. वर्षभराने दुखणं सारखंच, कूर्चेची झीजही सारखीच. मीठपाणी! म्हणजे ‘आमच्याकडे दहातल्या सहा जणांना गुण आला’ या वाक्यातून काय सिद्ध होतं? काहीही नाही. तरी तेच वाक्य फलकावर, तेच व्हिडिओत, आणि त्यावरच पुढची परिषद!

पाठपुरावा सहा आठवडेच ठेवा. जास्त थांबलं की घोटाळा होतो. दर १२ आठवड्यांनी ४० मिग्रॅ ट्रायमसिनोलोन हे स्टिरॉइड टोचून दोन वर्षं वाट पाहिली, तर कूर्चा मीठपाण्याच्या गटापेक्षा जास्त झिजलेली आणि दुखण्यात फायदा शून्य.

पुरे. मांडीचे स्नायू बळकट केले की गुडघा कमी दुखतो, हे चाचणीमागून चाचणीत दिसलंय. वजन एक किलो उतरलं तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. सेमाग्लुटाइड या वजन उतरवणाऱ्या औषधाच्या २०२४मधल्या चाचणीत लठ्ठ रुग्णांचं वजन घटलं आणि गुडघेदुखीही प्लासिबोपेक्षा स्पष्ट उतरली. यात टोचून विकण्याजोगी ‘नवी कूर्चा’ नाही, म्हणून तुम्ही हे रुग्णाला कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात सांगता. तो बिचारा उगवणाऱ्या कूर्चेची वाट बघत बसून राहतो, मांडी आणखी वाळते, आणि पुढच्या खेपेला तुम्ही त्यालाच म्हणता, ‘उशीर केलात.’ उशीर कुणी करवला? चाचणीत मीठपाण्याचा गट होता का, दुखणं किती उतरलं आणि किती महिने टिकलं, एवढं रुग्णाला तोंडावर सांगा. सांगता येत नसेल तर त्या सुईचे पैसे मागताना थोडी लाज बाळगा.