ड्रोनने गच्चीची गळती शोधणं: फिरणाऱ्या मेसेजबद्दल खुलासा

इंदूरच्या मराठी मंडळींच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘अडीचशे ग्रॅमच्या ड्रोनला कसलाच नियम नाही, थर्मल कॅमेऱ्यात गळती लाल दिसते, गच्ची फोडून बघायची गरज नाही.’ यातलं बरंच चुकीचं आहे.

ड्रोन नियम, 2021 प्रमाणे 250 ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलट परवाना लागत नाही, पण नोंदणी क्रमांक लागतो. शिवाय आपला विमानतळ शहराला अगदी लागून पश्चिमेला आहे. म्हणून उडवण्याआधी सरकारी नकाशावर लाल-पिवळा-हिरवा झोन (लाल आणि पिवळ्यात परवानगी लागते, हिरव्यात नाही) बघाच.

आता थर्मलचं. तो कॅमेरा पाणी बघत नाही, पृष्ठभागाचं तापमान बघतो. दिवसभर कडक ऊन पडून गेल्यावर, सूर्यास्तानंतर तास-दोन तासांनी, कोरड्या गच्चीवर कोब्यात मुरलेली ओल आजूबाजूपेक्षा गरम दिसते. तिथेच वर पाणी साचलेलं असेल तर उलट थंड दिसू शकेल. चकचकीत पत्र्यावर तर आभाळाचंच प्रतिबिंब येतं, आकडा खोटा! आणि ओल दिसली म्हणजे भेग तिथेच असं नाही. पाणी उताराने सरकतं.

साध्या फोटोंसाठी कॅमेरा फक्त सरळ खाली ठेवू नका. पॅरापेट (गच्चीचा कठडा) आणि स्लॅबचा सांधा, पाणी वाहून नेणाऱ्या पाइपाचं तोंड यासाठी तो 45 अंश कलवा. सर्वाधिक गळती याच जागांतून होते.

पोकळ कोबा मात्र हातोडीने ठोकून बघा. शंका उरली तर पाइपाचं तोंड बंद करून 24 ते 48 तास पाणी साठवा नि खालून छत बघा.