नळदुर्गचा पूल, पॅरिसची मीटिंग आन् आमचा व्हॉट्सॲप ग्रुप

आज १७ सप्टेंबर २०२५, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. सकाळी झेंडावंदन करून आलो, चहा घेत मोबाईल उघडला तर आमच्या दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर एका दोस्तानं मे महिन्यातला माझा जुना मेसेज उकरून काढला होता. खाली लिहिलं होतं, "हे बघा आपले शांतिदूत, यांना आज झेंडावंदनाला कोणी बोलावलं?" पुढं हसायचे पंधरा-वीस इमोजी. मेसेज काय होता तर १० मेच्या संध्याकाळी, पाकिस्तानबरोबरची लढाई थांबल्यावर, मी टाकलं होतं, "थांबलं ते बरं झालं, जे करायचं ते आपण केलंय." एवढंच. तेव्हा त्यावरनं दोन दिवस शिव्या खाल्ल्या, आज परत. ग्रुपवर उत्तर द्यायचा कंटाळा आलाय म्हणून इथं सविस्तर लिहितो.

आधी हे सांगून टाकतो की ह्या सरकारला मी मत दिलेलं नाही, पुढंही देईन असं वाटत नाही. पीकविम्यावर, सोयाबीनच्या भावावर मी काय काय लिहितो ते ह्याच भिंतीवर आहे. पण पहलगामला २६ माणसं मारली अन् ६-७ मेच्या रात्री आपण नऊ ठिकाणी मारा केला तेव्हा माझ्या मनात एक सेकंद पण आलं नाही की हा पंतप्रधान माझ्या पार्टीचा हाय का नाही. घराला आग लागल्यावर भावकीची केस काढत बसत नसतेत. घागर उचलायची, बांधाचं भांडण नंतर. ते नंतरचं भांडण पण झालंच की, जुलैच्या शेवटी लोकसभेत चर्चा झाली, विरोधकांनी विचारायचं ते विचारलं. असंच पाहिजे.

आता माझ्या दोस्तांचं म्हणणं असं की सरकारच्या पाठीशी उभं राहायचं म्हणजे "अजून मारा, लाहोर घ्या" म्हणायचं, आणि बोलणी, परराष्ट्र खातं, युनो हे सगळं बायल्या लोकांचं काम. मला हसू येतं कारण हे बोलणारे आम्ही सगळे नळदुर्गचे! आमचा सगळा जिल्हा भारतात कसा आला ते तरी आठवा.

१३ सप्टेंबर १९४८ ला पहाटे सोलापूरकडनं फौज निघाली अन् आमच्या बोरी नदीच्या पुलावरनं हैदराबादच्या निजामाच्या राज्यात शिरली. माझे आजोबा तेव्हा बारा-तेरा वर्षांचे. रझाकारीत अर्धं गाव सोलापूरकडं पळालेलं, हे मागं राहिलेले, आणि पिवळ्या ज्वारीत लपून त्यांनी रणगाडे बघितले. मरेपर्यंत तेच सांगायचे, आवाज कसा यायचा अन् ताटं कशी थरथरायची. एक शब्द त्यांच्या तोंडात कायम असायचा, "ॲक्शन". "ॲक्शनच्या आधी", "ॲक्शनच्या साली". मराठवाड्यात जुन्या माणसाला विचारा, युद्ध कोणीच म्हणत नाही, पोलीस ॲक्शनच म्हणतात. रणगाडे, विमानं, मेजर जनरल चौधरींसारखा फौजी अधिकारी, यात पोलीस कुठं होते हो? पण नाव तेच दिलं, कारण जगाला सांगायचं होतं की हे दुसऱ्या देशावरचं आक्रमण नाही, आमच्या घरातला बंदोबस्त आहे. म्हणजे माझे आजोबा, ज्यांना सही सोडून लिहिता येत नव्हतं, ते आयुष्यभर डिप्लोमसीचाच शब्द वापरत होते!

अन् ती गरज होती. निजामानं ऑगस्टमध्येच सुरक्षा परिषदेत तक्रार टाकलेली. इकडं फौज पुढं सरकत होती आणि तिकडं १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये परिषद बसली, हैदराबादतर्फे मोईन नवाज जंग, आपल्यातर्फे रामस्वामी मुदलियार. दुसऱ्या दिवशी निजामानं हत्यार टाकलं आणि मग तार करून तक्रार पण मागं घेतली. त्याच्या आधी वर्षभर जैसे थे करार, माउंटबॅटनच्या वाटाघाटी, सरदार पटेलांचे सचिव व्ही. पी. मेनन यांच्या चकरा. सरदारांचा दम होताच, प्रश्नच नाही. पण आधी बोलणी पार टोकापर्यंत नेली होती म्हणून पाच दिवसांत काम उरकल्यावर आपल्याला उलटं बोलायला कुणाच्या तोंडात फारसं काही उरलं नाही.

१९७१ चं पण तसंच. ऑगस्टमध्ये रशियाशी करार, मग इंदिराबाई युरोप-अमेरिका फिरून आल्या, निक्सनला भेटल्या, तो काय ऐकणारा नव्हता तरी गेल्या. डिसेंबरात सुरक्षा परिषदेत "थांबा" म्हणून ठराव यायला लागले तर रशियानं व्हेटो मारले, म्हणून फौजेला ढाक्यापर्यंत जायला दिवस मिळाले. आणि १९९४ ला जिनिव्हात युनोच्या मानवाधिकार आयोगात काश्मीरवर पाकिस्ताननं ठराव आणला तेव्हा नरसिंह रावांनी कोणाला पुढं केलं? विरोधी पक्षनेते वाजपेयींना. ठराव पाकिस्तानला मागं घ्यावा लागला. हे राव तरुणपणी निजामाच्या विरोधात उतरलेले, हे पण जरा लक्षात घ्या.

यंदा सरकारनं जगाला आपली बाजू सांगायला सगळ्या पक्षांची सात शिष्टमंडळं पाठवली ती मला लढाईइतकीच आवडली. सुप्रियाताईंच्या टीममध्ये अनुराग ठाकूर, थरूर अमेरिकेत, श्रीकांत शिंदे आफ्रिकेत. आणि ओवेसी सौदी, कुवेत, बहारीनला. मला त्यांचं राजकारण अजिबात पटत नाही, पण बघा ना, १९४८ ला हैदराबादची माणसं भारताच्या विरोधात बोलायला पॅरिसला गेली होती आणि २०२५ ला हैदराबादचा खासदार भारताची बाजू मांडायला अरब देशात जातो. आजोबा असते तर दोनदा विचारलं असतं, "कोन म्हनलास?"

सरकारचं चुकलं काहीच नाही का? चुकलं. फायरिंग थांबल्याची बातमी आपल्याला आधी ट्रम्पच्या पोस्टवरनं कळली, मग परराष्ट्र सचिव मिस्री साहेब टीव्हीवर आले अन् पाकिस्तानच्या डीजीएमओचा (लष्करी कारवाया बघणाऱ्या बड्या अधिकाऱ्याचा) ३ वाजून ३५ मिनिटांनी फोन आला होता म्हणून सांगितलं. माझा विश्वास मिस्रींवरच आहे. पण आपल्या घरचं आपण आधी सांगायला पाहिजे होतं. आणि जास्त राग आला तो त्यानंतर, त्याच मिस्रींना लोकांनी इतक्या घाण शिव्या दिल्या की त्यांना अकाउंट लॉक करावं लागलं. सरकारचा निरोप वाचून दाखवणाऱ्या माणसाला शिव्या देणारे स्वतःला सरकारचे पाठीराखे म्हणवतात. आमच्या ग्रुपवर पण दोघं होते. नावं घेत नाही, लग्नकार्यात भेटायचंय.

१० मेला मी हे कुठं बसून लिहिलं ते पण सांगतो. आमच्या शेजारी आक्का राहतात, त्यांचा धाकटा फौजेत, तेव्हा राजस्थान साईडला. ७ तारखेपासून फोन बंद. त्या दिवशी लोणच्याच्या कैऱ्या फोडायला आणल्या होत्या, मी अडकित्ता घेऊन बसलेलो, आक्का फोडी पुसून परातीत टाकायच्या. टाकायच्या कसल्या, एकच फोड पदराला पुसत बसल्या होत्या, टीव्ही म्यूट. खाली पट्टी आली तेव्हा मी वाचून दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत. उठून तिखट-मिठाचे डबे आणले आणि म्हणाल्या, "दोन बरण्या घालू रे, एक त्याला."

रात्री परत ड्रोनच्या बातम्या आल्या तेव्हा ती बरणी त्यांनी उचलून देव्हाऱ्यात ठेवली. फोन ११ तारखेला दुपारी आला.

पोरगं गणपतीला येऊन गेलं. मी त्याला ग्रुपवरचं भांडण दाखवलं, लाहोर घ्या वगैरे. त्यानं स्क्रोल करत करत वाचलं, मोबाईल परत दिला आणि विचारलं, "दादा, यातलं भरतीला कोण कोण आलतं?" मग बरणीला प्लास्टिक बांधायला सुतळी मागितली, ट्रेनमध्ये तेल सांडतं म्हणून.