यंत्राने वाचायच्या पानांविषयी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

घरच्या आहाराची नोंद ठेवणाऱ्या माझ्या छोट्या प्रणालीचे डॉक्युमेंटेशन (वापराच्या लेखी सूचना) मी एआय एजंटांसाठी, म्हणजे माणसाचे बोलणे समजून त्याच्या वतीने काम करणाऱ्या संगणकीय प्रोग्रॅमांसाठी, नव्याने लिहिले, त्यावरची आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपले म्हणणे असे की, गावातील अंगणवाडीताई रजिस्टर आणि मोबाइल अशा दोन्ही ठिकाणी तेच ते भरून आधीच थकलेली असताना, आणि वीज असली तर रेंज नाही अशी स्थिती असताना, यंत्राने वाचायची पाने लिहीत बसणे हा वेळेचा अपव्यय आहे. शिवाय जे यंत्र बुद्धिमान म्हणवते त्याला सूचना लिहून द्याव्या लागत असतील, तर ती बुद्धी कसली?

अंगणवाडीपुरते आधी स्पष्ट करतो. तेथील नोंदी २०२१ पासून केंद्र शासनाच्या पोषण ट्रॅकर या मोबाइल ॲपवर होतात, आणि माझ्या प्रणालीचा त्यांच्याशी काही संबंध नाही. ताईंवरील कामाच्या ओझ्याबद्दल आपण लिहिले ते मला पूर्ण मान्य आहे. माझी प्रणाली घरापुरती आहे. माझ्या वडिलांना मधुमेह आहे, त्यांना टंकलेखन जमत नाही, म्हणून ते जेवण झाल्यावर मोबाइलवर बोलतात आणि एजंट ते ऐकून प्रणालीत नोंद करतो.

आता आपला खरा आक्षेप. एका दुपारी वडिलांनी सांगितले की, दोन भाकरी खाल्ल्या, वाटीभर वरण घेतले आणि वांग्याच्या भाजीत सांबार टाकला होता. आपणही विदर्भातलेच, त्यामुळे सांबार म्हणजे कोथिंबीर हे आपल्याला सांगायला नको. एजंटाने मात्र वाटीभर दाक्षिणात्य सांबाराची नोंद केली. बदलून आलेल्या परिचारिकेचाही असा गोंधळ होऊ शकतो, पण ती एकदा विचारून घेते. एजंटाला विचारण्याची सूचना नसेल तर तो बहुधा अंदाज करतो, आणि तो अंदाज आकड्याच्या रूपात नोंदवहीत बसला की खऱ्या मोजमापापासून वेगळा ओळखता येत नाही. भाषा येणे आणि आमच्या घरची वाटी माहीत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट कोणीतरी लिहून ठेवल्याशिवाय त्याला कळण्याचा मार्ग नाही.

यापेक्षा मोठी चूक कच्च्या आणि शिजलेल्या अन्नाची आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली ५२८ खाद्यपदार्थांचे अन्नघटक तक्ते प्रसिद्ध केले, आणि मी आधार त्यांचाच घेतला आहे. त्यातील आकडे १०० ग्रॅम खाण्यायोग्य भागाचे आहेत, आणि धान्ये व डाळी प्रामुख्याने कच्च्या स्वरूपात मोजलेल्या आहेत. तांदूळ शिजला की पाण्याने त्याचे वजन अडीच ते तीन पट होते. ताटातला २०० ग्रॅम भात एजंटाने 'तांदूळ' या नावाखाली टाकला, तर जेथे साधारण २६० किलोकॅलरी यायला हव्यात तेथे ७०० च्या आसपास दिसतात. त्याच तक्त्यांत ऊर्जा किलोज्यूलमध्ये छापलेली आहे आणि माझी प्रणाली किलोकॅलरीत हिशेब ठेवते, ४.१८४ ने भागायचे विसरले की आकडा चौपटीहून अधिक फुगतो. स्वयंपाक करणाऱ्या बाईला असा आकडा पाहताच खटकेल. एजंटाला तो खटकावा असे वाटत असेल, तर कोणता आकडा कशाचा, कोणत्या एककात आणि कोणत्या अवस्थेतला, हे एजंट प्रणालीला ज्या आज्ञा देऊ शकतो त्यांतील प्रत्येकीच्या वर्णनातच असले पाहिजे.

रेंज नसते हा मुद्दा आपण डॉक्युमेंटेशनच्या विरोधात मांडला आहे. मला तो नेमका उलट बाजूचा वाटतो. पावसाळ्यात आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील गावातून नोंद प्रणालीपर्यंत पोहोचते, पण पोहोचल्याचे उत्तर परत येण्याआधीच संपर्क तुटतो. एजंट समजतो की नोंद झालीच नाही, म्हणून तो ती पुन्हा पाठवतो, आणि दोन भाकरींच्या चार होतात. एकाच क्रमांकाची नोंद दोनदा घेतली जाऊ नये म्हणून प्रत्येक नोंदीला ओळखक्रमांक देण्याची सोय प्रणालीत पहिल्यापासून होती. पण पुन्हा पाठवताना जुनाच क्रमांक वापरायचा, हे मी कोठेही लिहिले नव्हते, त्यामुळे एजंट दर वेळी नवा क्रमांक तयार करत असे. प्रणालीत दोष नव्हता, दोष माझ्या न लिहिण्यात होता. ते एक वाक्य लिहिल्यापासून दुबार नोंदी थांबल्या आहेत.

एखाद्या पदार्थातील लोह मोजलेले नसेल तर तेथे शून्य लिहू नये, 'माहिती नाही' असेच ठेवावे, आणि औषधाच्या मात्रेविषयी सल्ला देऊ नये, हेही नव्या डॉक्युमेंटेशनमध्ये आहे. हे सारे थोडक्यात लिहिणे सर्वांत कठीण गेले, कारण आज्ञांची वर्णने एजंटासमोर प्रत्येक संभाषणात येतात आणि ती लांबली की महत्त्वाची सूचना मध्येच हरवते. माझा पहिला मसुदा याच कारणाने निरुपयोगी ठरला होता.

एका बाबतीत आपण बरोबर आहात, आणि ते मी मनापासून मान्य करतो. एजंटासाठी लिहिण्याच्या भरात माणसांसाठीचे पान जुनेच राहिले, आणि नवे सारे मी इंग्रजीत लिहिले. वडिलांची नोंद कोणत्या नियमाने होते हे माझ्या आईला वाचता येऊ नये, हे योग्य नाही. या आठवड्यात मी क्रम बदलला आहे: आधी मराठी पान, आणि एजंटाचे वर्णन त्याच पानावरून. वाट्यांचा तक्ता दोन्हीकडे एकच आहे. घरातील प्रत्येक वाटी वरणाने आणि भाताने भरून, वजनकाट्यावर ठेवून तो तयार केला.

स्थानिक शब्दांची यादी मात्र अपुरी आहे. सांबार, चवळीसाठी बरबटी, शेंगदाण्यांसाठी फल्ली, पिठल्यासाठी चून एवढे शब्द मी घेतले आहेत. आपण गोंदियाकडचे असल्याचे लिहिले आहे. तिकडच्या पालेभाज्यांची आणि डाळींची नावे मला पुरेशी माहीत नाहीत. आपण ती लिहून पाठवलीत, प्रत्येक नावापुढे तो पदार्थ कच्चा मोजायचा की शिजलेला एवढे नमूद केलेत, तर पुढच्या आवृत्तीत मी ती तशीच घेईन.