खुलासा: डुलुथमध्ये ‘हकलबेरी फिन’वर बंदी नाही

‘अमेरिकेत डुलुथच्या शाळांनी मार्क ट्वेनच्या ‘हकलबेरी फिन’ कादंबरीवर बंदी घातली’ हा फिरणारा मजकूर चुकीचा आहे. मिनेसोटा राज्यातल्या या शाळांनी २०१८ मध्ये ‘हकलबेरी फिन’ आणि हार्पर लीची ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’ या कादंबऱ्या सक्तीच्या वाचनातून काढल्या, एवढंच. शाळेच्या ग्रंथालयात दोन्ही राहिल्या.

कारणही समजून घ्या. ‘हकलबेरी’त कृष्णवर्णीयांसाठीची एक शिवी दोनशेहून जास्त वेळा येते. वर्गात कुणी ती मोठ्याने वाचतं आणि सगळ्या माना एकाच बाकाकडे वळतात. त्या बाकावरच्या कृष्णवर्णीय पोराने कुठे बघायचं? २०११ च्या एका आवृत्तीत त्या जागी ‘गुलाम’ शब्द घातला. मला ते मुळीच पटत नाही. शिवी पुसली की तेव्हाचा समाजही पुसला जातो. पुस्तक जसंच्या तसं शिकवावं, पण आधी त्या पोराशी बोलून.