थडग्यावरच्या घंटेची थाप

१६व्या शतकातल्या इंग्लंडात म्हणे जुन्या शवपेट्या उघडल्या की पंचविसातल्या एकीत आतून नखांचे ओरखडे दिसत, म्हणजे माणूस जिवंतच पुरला गेलेला. म्हणून प्रेताच्या मनगटाची दोरी थडग्यावरच्या घंटेला बांधत आणि कुणीतरी रात्रभर पहारा देई. ती 'ग्रेव्हयार्ड शिफ्ट', इंग्रजीत आज मध्यरात्रीच्या पाळीला म्हणतात तीच. घंटा वाजली तर 'सेव्ह्ड बाय द बेल' (ऐनवेळी वाचला), आणि बाहेर आला तो 'डेड रिंगर' (एखाद्याची हुबेहूब प्रतिकृती). १९९९ साली ईमेलवर सुटलेली ही गोष्ट अजून फॉरवर्ड होते आहे.

पहिली अडचण पेटीचीच. त्या काळी तिथे सामान्य माणसाला कफनात गुंडाळून पुरत. चर्चची सामाईक पेटी खड्ड्यापर्यंत जाई आणि रिकामी परत येई. मग ओरखडे मोजले कशावर? जुनी हाडं उकरून अस्थिगृहात ठेवत, हे मात्र खरं. थापेला एवढं विरजण लागतंच.

घंटेच्या पेट्याही खऱ्या, पण तीनशे वर्षांनंतरच्या. १८२९मध्ये जर्मनीत टाबर्गर यांनी दोरी-घंटेची रचना मांडली. १८६८मध्ये अमेरिकेत न्यूअर्कच्या फ्रान्झ व्हेस्टर यांनी शिडी आणि घंटा असलेल्या पेटीचं पेटंट घेतलं. त्यातून कुणी वाचल्याची खात्रीलायक नोंद नाही.

'सेव्ह्ड बाय द बेल' आला बॉक्सिंगमधून, १९व्या शतकाच्या अखेरीस. पडलेल्या खेळाडूचे दहा आकडे मोजून व्हायच्या आत फेरी संपल्याची घंटा झाली की तो वाचला. 'रिंगर' घोड्यांच्या शर्यतीतला: अमेरिकेत एका घोड्याच्या नावावर हुबेहूब दुसराच पळवत, तो रिंगर. आणि 'डेड' म्हणजे इथे 'तंतोतंत'. आपण 'मरणाचं ऊन' म्हणतो तेव्हा तरी कोण मेलेलं असतं? 'ग्रेव्हयार्ड शिफ्ट'ही अमेरिकन, त्याच सुमाराची. मध्यरात्रीच्या पाळीला स्मशानशांतता असते, एवढंच.

गंमत म्हणजे या तिन्हींचा अर्थ मरणं नव्हेच. तो आहे 'किक द बकेट'चा, आणि त्याच्यामागेही एक कथा चिकटली आहे: बादलीवर उभं राहून गळफास घेतला, बादली लाथाडली. फ्रान्सिस ग्रोसच्या १७८५च्या बोलीकोशात अर्थ फक्त 'मरणे' एवढाच आहे, फास नाही. जाणकारांचा कल वेगळीकडे आहे. इंग्लंडच्या काही भागांत 'बकेट' म्हणजे आडवी तुळई. कापलेलं डुक्कर तिला मागच्या पायांनी उलटं टांगत, आणि शेवटच्या आचक्यांत ते पाय तुळईवर आपटत. हेही पक्कं सिद्ध झालेलं नाही, पण बादलीपेक्षा मला हे डुक्कर जास्त पटतं.